पाडवा, पंचमी, दसरा, संक्रांत

"ताई, हे लाल कशानं झालं?"

गित्तेमामा माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होते. एका हातात डिंकाची बाटली, दुसऱ्या हातात ब्रश. स्क्रीनवर आमच्या जर्नलचं नाव होतं, 'बालाघाट मेडिकल जर्नल', आणि नावापुढे लाल अक्षरांत एकच शब्द. अनियमित. त्याखाली बारीक अक्षरांत, राष्ट्रीय यादीतून वगळण्यास पात्र, हरकत असल्यास एकवीस दिवसांत कळवावे.

"मामा," मी म्हटलं, "मी काहीतरी घाण करून ठेवलीय."

"पुसून टाका की मग."

पुसता येत नव्हतं ना! सबमिट केलेलं होतं!

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्ही मधेच विचाराल. सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मी मांजरथडीच्या मेडिकल कॉलेजात एम.डी. करत होते, सामाजिक वैद्यक, तिसरं वर्ष. आमचे विभागप्रमुख म्हणजे डॉ. केरबा सोनटक्के. उंच, किडकिडीत, बोलणं एकदम मोजकं. बावीस वर्षं ते हे जर्नल काढत होते. वर्षाला चार अंक. संपादक सर, पॅकिंग आणि टपाल गित्तेमामा, आणि दर दोन वर्षांनी जो रेसिडेंट सापडेल तो उपसंपादक. त्या वेळी सापडलेली मी. डॉ. निलोफर तांबोळी, उपसंपादक! अब्बूंनी माझं नाव छापलेला अंक दुकानातल्या काउंटरवर ठेवला होता. पान घ्यायला येईल त्याला दाखवायचे.

तर ही यादी. दिल्लीला कुठलंतरी मंडळ होतं, ते देशभरातल्या वैद्यकीय जर्नलांना श्रेणी द्यायचं. अ, ब, क. मास्तर लोकांचं प्रमोशन या यादीवर. यादीतल्या जर्नलात पेपर छापला तर गुण, यादीबाहेर छापला तर तुम्ही तो घरी फ्रेम करून लावा. त्यामुळे चांगला पेपर झाला की लोक तो आधी परदेशात पाठवायचे, मग 'अ'ला, मग 'ब'ला, आणि सगळीकडून परत आला की 'बालाघाट'ला. आम्ही 'क' होतो. श्रेणी बरीचशी संदर्भांवर ठरायची, म्हणजे तुमच्या लेखाचा उल्लेख बाकीच्यांनी त्यांच्या लेखात किती वेळा केला. आमचा आकडा होता शून्य पॉइंट शून्य काहीतरी. कारण आमचा अंक जायचा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि उपकेंद्रांत, एसटीच्या पार्सलनं, एकशे चाळीस बंडलं. ती माणसं पेपर लिहीत नाहीत हो, पेशंट बघतात.

पण 'क' का असेना, यादीत तरी होतो. आणि मी, एक फॉर्म भरून, बाहेर!

दरवर्षी तो फॉर्म गित्तेमामा भरायचे. अंक कधी निघाले, या रकान्यात ते डोळे झाकून एक जानेवारी, एक एप्रिल, एक जुलै, एक ऑक्टोबर लिहायचे. त्या वर्षी मी म्हटलं, द्या इकडे, मी भरते. बघते तर सगळ्या तारखा थापा.

"मामा, हे खोटं आहे!"

"खोटं नाही ताई. फारमाला जे आवडतं ते."

मी कुठली ऐकतेय. पाच वर्षांचे वीस अंक काढले आणि प्रत्येकाची खरी तारीख टाकली. एकतीस मार्च, एकवीस मार्च, आठ एप्रिल, अठ्ठावीस मार्च, अठरा मार्च. ही पाडव्याची रांग, अशीच पंचमीची, तशीच दसऱ्याची. कारण सोनटक्के सरांचे अंक तिथीवर निघायचे! गुढीपाडवा, नागपंचमी, दसरा, संक्रांत. कॉलेजात कोणी 'मार्चचा अंक' म्हणायचंच नाही, 'पाडवा अंक' म्हणायचे. आमच्या ऑफिसात अ‍ॅनाटॉमीच्या तक्त्याशेजारी पंचांग लटकलेलं असायचं. मला वाटायचं, असेल बाबा म्हाताऱ्याची सवय.

दिल्लीच्या मशीनला कुठलं पंचांग कळतंय! त्यानं बघितलं, एका वर्षी अठरा दिवस उशीर, दुसऱ्या वर्षी दहा दिवस लवकर. लाल.

सरांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तारखा खऱ्या लिहिल्यास ना?"

"हो सर."

"मग झालं."

"झालं कसं सर? आपण बाहेर पडू!"

"हरकत नोंदव," म्हणाले, आणि अर्जाचा मजकूर सांगितला. तुम्हाला सांगते, अख्खा मजकूर एका ओळीचा. 'आमचे नियतकालिक नियमित आहे.' सही, शिक्का. मी म्हटलं, सर, थोडं कारण लिहू या? तर म्हणे, "विचारतील तेव्हा सांगू."

बातमी मात्र वाऱ्यासारखी पसरली. आठवड्यात सात जणांनी पेपर मागे घेतले. सगळ्यांची पत्रं सारखी, 'काही अपरिहार्य कारणास्तव'. सगळ्यात आधी माझ्याच बॅचचा हर्षल काळदाते. कँटीनमध्ये समोर बसून, माझ्याच बशीतला समोसा खात मला म्हणतो, "निलू, वाईट वाटून घेऊ नकोस. बुडत्या होडीत मी बसत नाही. तू पण उतर. तुझा बिब्ब्याचा पेपर चांगलाय, वाया घालवू नकोस."

माझा बिब्ब्याचा पेपर! तो राहिलाच सांगायचा. ऊसतोडीचे लोक टाचा फुटल्या, गुडघा धरला, की बिब्बा लावतात. त्याच्या तेलानं कातडी अशी भाजते की विचारू नका. मी दीड वर्ष उसाच्या फडांवर फिरून एकशे बारा पेशंट बघितले होते. माझा पहिला पेपर. परदेशातल्या एका जर्नलला पाठवला तर चार दिवसांत परत, 'आमच्या वाचकांना या विषयात रस नसावा'. मग सरांनी 'बालाघाट'च्या दसरा अंकासाठी घेतला होता. आणि पुढच्या मे महिन्यात लेक्चररच्या जागा निघणार होत्या. यादीतला एक पेपर हवाच. 'क' मधला चालेल, अर्धे गुण, पण यादीतला. नाहीतर मी घरी, अब्बूंच्या दुकानात, पानाला चुना लावत.

हर्षल गेला, आणि मी ऑफिसात जाऊन पत्र टाइप केलं. 'आदरणीय सर, माझा बिब्ब्यावरील लेख काही अपरिहार्य कारणास्तव मागे घेण्याची परवानगी द्यावी.' सही केली. प्रिंट काढली. घडी घालून एप्रनच्या खिशात. द्यायचं धाडस मात्र होईना. ज्या माणसाचं जर्नल आपण बुडवलं त्यालाच हे पत्र द्यायचं, कुठल्या तोंडानं? रोज खिशात घेऊन फिरत होते.

सुनावणी ठेवली ती पंचमीच्या नऊ दिवस आधी, सकाळी अकराला, व्हिडिओवरून. आमच्या ऑफिसात एकच धड खोली, आणि तिथं गित्तेमामांचं पंचमी अंकाचं पॅकिंग चाललेलं. सर म्हणाले, त्याचं काम थांबवायचं नाही. म्हणजे बघा, एका कोपऱ्यात राष्ट्रीय सुनावणी आणि दुसऱ्या कोपऱ्यात सुतळी. लॅपटॉपचा कॅमेरा सरांच्या छातीपर्यंतच पोचत होता, म्हणून मी त्याच्याखाली जुन्या अंकांचा गठ्ठा रचला. चांगला वीतभर. आता सर दिसायला लागले.

"तू बोलायचं नाहीस," सर मला म्हणाले. "तू घाईत बोलतेस."

पडद्यावर तीन चौकोन. मधल्यात टाय लावलेले अध्यक्ष. डावीकडे एक गृहस्थ, त्यांचा आवाज शेवटपर्यंत बंदच राहिला. उजवीकडे डॉ. अन्नपूर्णा, वरंगळच्या, संख्याशास्त्राच्या प्रोफेसर. जाड चष्मा, केसांत अबोलीचा गजरा, समोर कागद. सगळं इंग्रजीतून चाललं होतं, मी आपलं मराठीत सांगते.

अध्यक्ष म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही म्हणता नियमित. आमच्यासमोर वीस तारखा आहेत. यात नियम कुठला?"

सर म्हणाले, "आहे."

संपलं! एवढंच! मी टेबलाखाली मुठी आवळून बसलेली.

डॉ. अन्नपूर्णा मघापासून कागदावर पेन्सिलीनं काहीतरी करत होत्या. त्या म्हणाल्या, "मला एक गंमत दिसतेय. जानेवारीचा अंक दरवर्षी चौदा किंवा पंधरालाच आहे. एकदम घड्याळासारखा. बाकीचे तीन मात्र सरकतात. आळशी माणूस चारही अंकांना आळस करेल." पुन्हा कागदात डोकं. मग एकदम वर बघितलं. "एकतीस मार्च... एकवीस मार्च... आठ एप्रिल... अहो, हा तर उगादी आहे!"

"पाडवा," सर म्हणाले. पहिल्यांदा हसले.

"पण एक वर्ष चुकलंय तुमचं. अठ्ठावीस मार्च लिहिलंय. आमच्याकडे त्या वर्षी एकोणतीसला होता, मला पक्कं आठवतं, माझ्या नातीचं बारसं होतं."

"आमच्याकडे अठ्ठावीसलाच होता. पंचांगवाल्यांना विचारा."

"विचारते!"

अध्यक्ष बिचारे याच्याकडे बघ, तिच्याकडे बघ. "थांबा, थांबा. म्हणजे हे धार्मिक कॅलेंडर आहे? डॉक्टर, हे वैद्यकीय जर्नल आहे की धार्मिक प्रकाशन?"

आता सर लाल झाले. ज्या माणसानं स्वतःच्या मुलीचं लग्न रजिस्टर केलं, ज्याच्या घरात देव्हारा नाही, त्याला हा प्रश्न! आणि चिडले की सर बोलायचेच बंद होतात. ओठ घट्ट.

मला राहवलं नाही. "सर, माझं नाव निलोफर तांबोळी आहे, मी याची उपसंपादक आहे," मी म्हटलं, "आणि आमची ईदसुद्धा दरवर्षी सरकते, पण आम्ही कधी ती चुकवली नाही!"

अन्नपूर्णाबाई खुदकन हसल्या. अध्यक्ष नाही हसले. "ठीक आहे. मला फक्त सांगा, का? सरळ एक तारखेला काढायला काय अडचण आहे?"

आणि खरं सांगू? मला उत्तर माहीत नव्हतं. दोन वर्षं उपसंपादक, आणि हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता.

"काय म्हणायलेत ते?" कोपऱ्यातून गित्तेमामा.

"विचारतायत, अंक एक तारखेला का नाही काढत."

"घ्या! एक तारखेला काढून वाचायचा कुणी?" मामा उठले. कमरेला सुतळीचा गुंडा, हाताला डिंक, ते तसेच कॅमेऱ्यासमोर. "सांगा त्यास्नी. म्हणावं, दसरा झाला की आमची माणसं कोयता घेऊन कारखान्याला जातेत. लेकरंबाळं घेऊन. गाव मोकळं. लसीचं काय सांगायचं ते दसऱ्याच्या आत नर्सबाईच्या हातात पाहिजे. दसराच सरकतो, मग आम्ही काय करावं?"

मी भरभर इंग्रजी करत होते. मामा थांबायला तयार नाहीत.

"पाडव्याला माणसं परत येतेत. येताना ताप घेऊन येतेत, कोणाला जखमा, कोणाला खोकला. त्या टायमाला डॉक्टरपाशी अंक पाहिजे. पंचमीला लेकी माहेराला येतेत, निम्म्या गरवार असतेत. सासरी तपासत नाही कुणी, माहेरीच तपासून घ्यायची. आणि साप तर निघतेतच. संक्रांतीला हळदीकुंकवाला बाया एका जागी भेटतेत, तिथंच नर्सबाई रक्त वाढवायचं सांगती." मग आवाज खाली आला. "पहिला अंक सरांनी एक ऑक्टोबरलाच काढला होता. त्यात गोवराचा लेख. त्या साली दसरा लवकर आलता, अंक पोचला तवा टोळ्या जाऊन आठ दिवस झालते. माझ्या भावाची पोरं बी टोळीतच होती. वाचली ती, पण लय वाईट दिवस काढले."

हेही मी इंग्रजीत सांगितलं.

सर खाली बघत होते. हळूच म्हणाले, "त्यानंतर पंचांग आणलं."

आवाज बंद असलेल्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं.

मग अध्यक्ष म्हणाले, "मला व्यक्तिशः पटतंय. पण नियम आहे. मी नियमाबाहेर नाही जाऊ शकत."

"नियम मी लिहिलाय," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "वाचून दाखवते. नियतकालिक नियमित म्हणजे ते आधी जाहीर केलेल्या तारखेला निघतं. वर्षातले कुठले दिवस, ते कुठेही लिहिलेलं नाही. शंभरात नव्वद अंक जाहीर तारखेला निघाले की नियमित. डॉक्टर, तुम्ही तारीख आधी जाहीर करता का? लेखी?"

मी सरांकडे. सर मामांकडे. आणि मामा लॅपटॉपकडे.

"मागच्या पानावर," मामा म्हणाले. "खाली. 'पुढचा अंक' म्हणून छापतो की आपण दर बारीला. तारीख टाकून."

आणि ते वीस अंक कुठे होते? लॅपटॉपखाली!

मी एक उपसला. 'पुढील अंक : नागपंचमी, एक ऑगस्ट.' कॅमेऱ्यासमोर धरला. बाई म्हणाल्या, बरोबर. दुसरा उपसला. बरोबर. तिसरा. एकेक अंक निघतोय आणि लॅपटॉप एकेक बोट खाली जातोय. आठव्या अंकाला सरांची हनुवटी दिसेनाशी झाली. बाराव्याला फक्त शर्टाची बटणं. अध्यक्ष म्हणतायत, "डॉक्टर, तुम्ही आहात ना?" आणि बटणं म्हणतायत, "आहे." पंधराव्याला गठ्ठा कलंडला, लॅपटॉप माझ्या मांडीवर, पलीकडून तिघांना काय छत दिसलं असेल ते दिसलं. मी तसाच धरला आणि मामा एका हातानं अंक दाखवतायत.

एकोणीस झाले. एकोणिसांच्या एकोणीस बरोबर.

"विसावा?" बाईंनी विचारलं.

विसावा होता, पण त्याचं मागचं पान नव्हतं. मी मामांकडे बघितलं. मामा भिंतीकडे बघायला लागले.

"मामा?"

"भजी होती हो," मामा म्हणाले. "कागद नव्हता."

मला हे इंग्रजीत सांगावं लागलं! पान खाद्यपदार्थांच्या संदर्भात वापरलं गेलं, असं काहीतरी म्हटलं मी. अन्नपूर्णाबाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या. अध्यक्षसुद्धा शेवटी हसले, टाय सैल केला आणि म्हणाले, "वीसपैकी एकोणीस. शेरा काढून टाकण्यात येत आहे. श्रेणी मात्र 'क'च राहील. संदर्भांचं काही मी करू शकत नाही."

"चालेल," सर म्हणाले.

"आणि फॉर्ममध्ये जाहीर तारखेचा रकानाच नाही," बाई म्हणाल्या. "ती चूक आमची. मी पुढच्या वर्षी घालून घेईन. डॉक्टर, मला दसरा अंक पाठवाल?"

"पत्ता मामांना सांगा."

पडदा बंद झाला आणि मी किंचाळले. खरंच किंचाळले, शेजारच्या ओपीडीतून सिस्टर पळत आल्या. मामांनी चहा आणि खारी मागवली. सर खुर्चीवर बसले, खारी चहात बुडवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तांबोळी, ते पत्र कधी देणार?"

माझी खारी चहात पडली. "कुठलं सर?"

"एप्रनच्या खिशातलं. प्रिंटरमध्ये एक प्रत जास्तीची निघाली होती. गित्तेनं आणून दिली. बारा दिवस झाले."

मी मामांकडे बघितलं, मामा पुन्हा भिंतीकडे. बारा दिवस त्या माणसाला माहीत होतं, आणि रोज मला शेजारी बसवून प्रूफं तपासायला लावत होता.

"मागे घ्यायचा तर घे," सर म्हणाले. "आपला 'क' आहे. अर्धेच गुण. तुला मे महिन्यात अडचण येऊ शकते. मी रागावणार नाही."

मी खिशातून पत्र काढलं. घड्या पडून पडून मऊ झालं होतं. उलटं केलं. मागची बाजू कोरी.

"मामा, पत्त्याला कागद कमी पडत होते ना?" मी म्हटलं. "हा घ्या."

मामांनी घेतला, डिंक लावला, एका बंडलावर थापला आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, प्राथमिक आरोग्य केंद्र, घुटेवाडी. संध्याकाळच्या एसटीनं सगळी बंडलं गेली. पंचमीला एकशे चाळीस ठिकाणी अंक पोचला, आणि मी ते पत्र विसरूनही गेले.

पंचमीनंतर आठ दिवसांनी ऑफिसचा फोन वाजला. मीच उचलला.

"हॅलो, बालाघाट ना? तांबोळी मॅडम आहेत का? मी घुटेवाडीवरून सिस्टर शेवंता जोगदंड बोलतेय."

"बोला सिस्टर, मीच."

"मॅडम, असं काय करता हो तुम्ही?" बाई रागावलेल्याच होत्या. "बंडल सोडलं तर कागदाच्या मागं तुमचं पत्र! बिब्ब्याचा लेख मागं घेतेय म्हणून! अहो, घेऊ नका. माझ्याकडं गेल्या महिन्यात चार बाया आल्या बिब्ब्यानं भाजलेल्या. काय लावायचं कुठं लिहिलेलं नाही. आमच्या डॉक्टरांनी सगळी पुस्तकं पालथी घातली. आणि तुम्ही लिहिलेलं मागं घेताय? कोणाला विचारून?"

मला हसू यायला लागलं आणि डोळ्यांत पाणीपण. "नाही घेतला सिस्टर. छापतोय आम्ही."

"नक्की?"

"नक्की."

"बघा हं. माझ्या टोळ्या निघतील. दसऱ्याच्या आत येईल ना?"

मी भिंतीवरचं पंचांग चाळलं. ऑक्टोबरच्या पानावर मामांनी लाल पेन्सिलीनं आठ ऑक्टोबरला गोल केला होता.

"नियमानं दसऱ्यालाच येतो सिस्टर," मी म्हटलं. "पण तुमचं बंडल आम्ही चार दिवस आधी टाकू."

मागून सोनटक्के सरांचा आवाज आला, "सगळ्यांचीच टाक."